नववी ‘ब’चा अर्ज

नसीम,

तू गेल्यापासून मला दुपारी झोप लागते. आयुष्यात कधी दिवसा आडवी न झालेली मी, आता चौथा तास संपला की स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसते, पुढ्यात वह्यांचा गठ्ठा तसाच राहतो आणि डोळे मिटत जातात. मग शाळा उलटी चालायला लागते. कॉम्प्युटरची खोली विरते. गच्चीवरचे सोलरचे पत्रे विरतात. कंपाउंडची भिंत विरघळते आणि म्हशी पुन्हा पटांगणात येऊन निंबाखाली बसतात. शेवटी उरतं ते बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. आपली शाळा तिथं सुरू झाली होती. छताच्या भोकांतून उन्हाचे दोर खाली सोडलेले, त्यांत कापसाचे तंतू तरंगतायत, आणि तिथं तू उभी असतेस, दोन वेण्या घातलेली, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत.

शाळेचा इतिहास मी तीनदा लिहिला, तुला माहीत आहे. स्नेहसंमेलनासाठी, वार्षिक अंकासाठी आणि एकदा एका पाहुण्यांच्या भाषणासाठी. पहिले वर्ग गोदामात भरले, मग गावानं श्रमदान करून दोन खोल्या उभ्या केल्या, मग जिल्हा परिषदेनं लांबलचक कौलारू इमारत दिली, मग प्रयोगशाळा, मग एका कपाटाचं ग्रंथालय. तू ते वाचून म्हणाली होतीस, “बढिया लिहिलं. कागदावर आली की तू पुण्याची होते, शाले. पण पोरी मुतायले कुठं जात होत्या, ते नाई लिहिलं.”

मी हसून विषय बदलला होता. आज लिहिते.

मुली कुठंच जात नसत. गोदामामागं बाभळींचं रान होतं, तिथं आपण तिघी-तिघींनी जायचो, दोघी पहाऱ्याला. एक दिवस भिंतीपलीकडून खडे आले, मागून मुलांचं हसू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नववी ‘ब’च्या मुलींनी पाणी पिणं सोडलं. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी, ते थेट संध्याकाळी घरी गेल्यावर. हातपंपाचं पाणी तसंही खारट. खारपाणपट्ट्यातलं गाव आपलं, पाणी सोडायला फार जड गेलं नाही, असं आपण एकमेकींना सांगायचो.

पण तहान काय चीज आहे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं. इतिहासाच्या तासाला फळ्यावरची अक्षरं पोहायला लागत. डोकं हलकं होई, आवाज लांबून येत. तेव्हा तू माझ्या कानाशी तोंड आणून तुझ्या नानीच्या गावची गोष्ट सुरू करायचीस. सोनाळ्याची. “आता आपण नदीत उतरलो. वानचं पाणी. गोड आहे. थंडगार. पायाखाली गोटे लागून राह्यले. आता ओंजळ भर. पी. अजून पी.” मी खरंच ओंजळ भरायचे, बाकाखाली. गिळायचे. सातपुड्यातून उतरणारी ती नदी मी तोवर पाहिलीही नव्हती, पण तिच्यात मी कितीदा उभी राहिले असेन, तुझा हात धरून, गुडघाभर पाण्यात, वर गुरुजी लढायांची नावं सांगतायत.

मार्चात पुष्पा वर्गात चक्कर येऊन पडली. तिला उचलून घरी नेलं, ती पुन्हा शाळेत आलीच नाही. त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, “अर्ज लिहू.”

“कोणाले?”

“तपासणीले साहेब येणार आहे ना? त्यालेच.”

अर्ज तू सांगितलास आणि मी लिहिला. तुझं अक्षर म्हणजे रानात उधळलेल्या शेळ्या. माझं अक्षर बाबांनी घडवलेलं. माझे बाबा त्याच शाळेत गणित शिकवायचे, आणि त्यांच्या फळ्यावरच्या अक्षराला उजवीकडे एक सुंदर कल होता, तोच माझ्या अक्षराला. “आम्ही नववी ब च्या विद्यार्थिनी नम्रपणे विनंती करतो की, शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही...” खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. कुणी केली नाही. शेवटी नुसतंच ‘आपल्या आज्ञाधारक विद्यार्थिनी’ राहिलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांची जीप आली, रांगोळी, स्वागतगीत. गाणाऱ्या मुलींच्या रांगेतून तू दोन पावलं पुढं गेलीस आणि तो कागद त्यांच्या हातात दिलास. गाणं चालूच राहिलं. मी गात होते. साहेबांनी कागद उघडला, वाचला, पुन्हा घडी घातली आणि शेजारी उभ्या हेडसरांच्या हातात ठेवला. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

जीप गेली आणि हेडसर वर्गात आले. त्यांच्यामागं दोनतीन शिक्षक होते, दारात बाबा. हेडसरांनी कागद वर धरला.

“हे अक्षर कोणाचं?”

मी वहीवर वाकले. तू उभी राहिलीस.

“माहं आहे, सर.”

“तुझं?” त्यांनी खडू पुढं केला. “ये. लिही. पहिली ओळ.”

तू गेलीस. फळ्यावर लिहिलंस, “शाळेत मुलींसाठी सोय नाही.” ती अक्षरं मला अजून दिसतात. ‘सोय’चा ‘स’ एकीकडे पडलेला, मात्रा आभाळात. वर्ग हसला. नसीम, मीही हसले. सगळे हसले म्हणून तोंडातून निघून गेलं ते हसू. तू वळलीस तेव्हा ते माझ्या तोंडावर अजून होतं. तुला दिसलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

हेडसरांना सगळं समजलं होतं. त्यांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा दारातल्या बाबांकडं, आणि पुढं काही विचारलं नाही. सगळ्यांच्या सोयीचं झालं.

रात्री बाबा जेवले. हात धुवून आले आणि पाटीवर खिळा ओढावा तशा आवाजात म्हणाले, “उद्यापासून अक्षर जरा उभं काढत जा.” मी काढायला लागले. आजही माझं अक्षर उभंच आहे. मुलांना वाटतं, मॅडमचं अक्षर किती सरळ.

तुझ्या अब्बांना शाळेत बोलावलं. ते गाद्या भरायचे, पिंजण खांद्याला लावून गावोगाव फिरायचे. ऑफिसच्या बाहेर उभे होते ते मला खिडकीतून दिसत होतं. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला. हेडसर म्हणाले, मुलीला समज द्या. अब्बांनी मान हलवली. तुझ्यावर ओरडले नाहीत ते. तुझं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि जाताना एवढंच म्हणाले, “चल बेटी. पढाई बहुत हो गई.”

पटांगण ओलांडताना तू एकदा मागं वळून पाहिलंस. मी खिडकीखाली वाकले.

त्यानंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. तुझं लग्न गावातल्याच शिंप्याशी झालं. मी खामगावला शिकले, डी.एड. केलं, बी.एड. केलं, इकडंतिकडं नोकऱ्या करत शेवटी बदलीनं आपल्याच शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात तू आलीस. कडेवर मुलगी, दुसरी हाताला धरलेली. मला वाटलं, आता विचारणार. तू पिशवीतून फॉर्म काढलास.

“सतरा नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून दहावीले बसायचं आहे मले. भरून दे. तुहं अक्षर चांगलं आहे.”

मी तुझ्याकडं पाहिलं. तू मुलीचं नाक पुसत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर टोमणा मला शोधूनही सापडला नाही, आणि तो नसल्याचा मला इतका त्रास झाला की मी फॉर्ममध्ये तुझी जन्मतारीख चुकवली.

त्या वर्षी संध्याकाळी तू माझ्याकडं अभ्यासाला यायचीस. मुली आमच्या ओसरीवर खेळायच्या. व्याकरण तुला आवडायचं नाही. “कर्म कर्त्याच्या आधी आलं तर काय मरते का वं?” असं विचारायचीस. इंग्रजीत एकदा नापास झालीस, दुसऱ्यांदा सुटलीस. परीक्षा आपल्याच शाळेत होती. बोरकुटाच्या पुड्या विकणाऱ्या बाईसारखी, डोक्यावरून पदर घेऊन, सोळा वर्षांच्या पोरांच्या मध्ये बसलेली तू. मी पर्यवेक्षक होते. पाणी वाटणारा माणूस तुझ्या बाकाशी आला आणि तू पेला हातात घेऊन जरा थांबलीस. मग सगळा प्यालीस.

मग तुझ्या नाती शाळेत आल्या आणि तू शाळा व्यवस्थापन समितीवर आलीस. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

शाळेत तोवर मुलींसाठी एक खोली झाली होती, पण तिला दार होतं तर कडी नव्हती, छत होतं तर पाणी नव्हतं. नवीन बांधायला जागा हवी होती, आणि सोयीची जागा एकच, गोदामाची. त्याच वेळी माजी विद्यार्थी मदत गोळा करत होते, आणि मी त्यांच्या गळी उतरवलं होतं की गोदाम दुरुस्त करून तिथं शाळेचं स्मृतिदालन करू. जुने फोटो, पहिला हजेरीपट, पितळी घंटा. बाबांचाही एक फोटो होता माझ्या मनात.

बैठकीत तू उभी राहिलीस. “गोदाम पाडा. पोरींचं बांधा.”

मी म्हटलं, “नसीम, या शाळेचा जन्म तिथं झाला. ती भिंत पडली तर इतिहास संपला.”

“तुले इतिहास पाह्यजे, मले दरवाजा पाह्यजे. आतून कडी लागणारा.”

“दुसरीकडं बांधता येईल की.”

“चाळीस वर्सं झाली, शाले. दुसरीकडं कुठं बांधलं?”

सगळ्यांसमोर तू मला शाले म्हणालीस याचा मला राग आला. खरं तर राग त्याचा नव्हता. सहा महिने आपण बोललो नाही. बाजारात तू समोरून आलीस तर मी कांदे निवडायला खाली वाकायची. वाकायची सवय मला जुनी.

गोदाम पडलं त्या दिवशी मी सुट्टी टाकली. दुसऱ्या दिवशी गेले तर पटांगणात आभाळाचा एक नवाच तुकडा दिसत होता, आणि विटांच्या ढिगावर तुझ्या नाती बसून पेरू खात होत्या. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं.

उद्घाटनाला पाहुणे आले. तुझ्या नावाची पाटी लावावी असं कुणीतरी सुचवलं, तर तू म्हणालीस, “संडासावर कोणाचं नाव टाकता का, भाऊ?” फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि पाहुणे भाषणाला वळणार तेवढ्यात तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. कडी वाजली. सगळे बाहेर उभे. एक मिनिट, दोन मिनिटं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. मग तू बाहेर आलीस, हात ओले, आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडं पाहून म्हणालीस, “कडी बराबर बसते.”

त्या क्षणी आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मग तुझी किडनी. आपल्या भागात हे दुखणं घराघरात आहे, त्यामुळं कुणाला धक्का बसला नाही, मला सोडून. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुझ्यासोबत यायची, तुझ्या जावयाच्या गाडीत. डॉक्टरांनी तुला दिवसाला मोजून चार पेले पाणी सांगितलं होतं. घरात आता नळाला वानचं पाणी येत होतं, गोड, आणि तू ते पिऊ शकत नव्हतीस.

एका शनिवारी परतताना उन्हाचा ताव होता. दोन्ही बाजूंना कापून झालेली तुरीची रानं, तापलेला रस्ता लांबवर पाण्यासारखा चमकत होता. तू डोकं माझ्या खांद्यावर टाकलं होतंस. ओठ फुटले होते. मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “आता आपण नदीत उतरलो.”

तू डोळे मिटले.

“पायाखाली गोटे आहेत. थंडगार पाणी. ओंजळ भर.”

तुझ्या मांडीवरचे हात जरासे हलले, एकमेकांजवळ आले. तू खरंच गिळलंस. जावई आरशातून पाहत होता. त्याला वाटलं असेल, या दोन म्हाताऱ्या काय करतायत.

“अजून पी,” मी म्हटलं.

“बस,” तू म्हणालीस. “चार पेले झाले.” आणि हसलीस.

त्याच रस्त्यावर मी तुला एकदा विचारलं होतं, “हे शाळेमुळं झालं असेल का गं? पाणी न पिऊन?” डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले होते, सांगता येत नाही, या पट्ट्यातलं पाणीच तसं. तू मात्र वैतागलीस. “गावातले माणसंही मरून राह्यले. ते काय पोरींच्या वर्गात होते? सारं तुले आपल्यावरच कायले घ्यायचं राहते?” मला अर्जाचं बोलायचं होतं. तीन वेळा मी सुरुवात केली, “नसीम, त्या दिवशी वर्गात...” पहिल्यांदा तू म्हणालीस, काच खाली कर, उलटी होते. दुसऱ्यांदा तू झोपलेली होतीस, किंवा झोपल्यासारखी. तिसऱ्यांदा तू माझा हात हातात घेतलास आणि खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “यंदा बोरं लई आले नाई?” मला वाटलं, पुढच्या शनिवारी.

पुढचा शनिवार आला तेव्हा मी तुझ्या घरी बायकांमध्ये बसले होते. तुझ्या मुलींनी तुला न्हाऊ घातलं होतं. पांढऱ्या कापडात तू इतकी लहान दिसत होतीस की मला नववीतली वाटलीस. पुरुषांनी खांद्यावर घेतलं, गल्लीच्या वळणापर्यंत मी पाहत राहिले. तिथून पुढं बायका जात नाहीत.

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुली बसल्या होत्या. हेडमॅडमनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी लिहून नेलं होतं. ‘समितीच्या क्रियाशील सदस्या’, ‘मुलींच्या शिक्षणाविषयीची तळमळ’, असं. उभ्या, सरळ अक्षरात. माइकसमोर उभी राहिले आणि वाचता येईना. मग मी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. बाभळी, खडे, पुष्पा, तपासणीचा दिवस. तू फळ्यावर लिहिलेली ओळ. सगळे हसले आणि त्यांत मी होते, हेही. म्हटलं, तो अर्ज नसीमनं लिहिला नव्हता, मी लिहिला होता. शाळेतून मात्र ती गेली.

हेडमॅडम आभार मानायला उठल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून आठवीतली एक मुलगी उभी राहिली, बारकीशी, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

“मॅडम, मंग तुम्ही काऊन नाई बोलल्या?”

“बस खाली,” हेडमॅडम म्हणाल्या.

“राहू द्या,” मी म्हटलं.

बाबांची नोकरी होती, असं मी सांगू शकले असते. तो काळ वेगळा होता, असंही. वर्गात मी आजवर कधी घरची बोली बोलले नाही, पण तोंडातून तेच आलं.

“भेव लागलं मले.”

तिनं मान हलवली, ताळा जुळल्यासारखी, आणि खाली बसली.

एवढंच होतं गं उत्तर. तीन शब्दांचं. चाळीस वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहत घाबरत राहिले, आणि तू तो मला एकदाही विचारला नाहीस. विचारायला पाह्यजे होता वं, नसीम. मी सांगितलं असतं.